सिगार : महाग कोणता, चांगला कोणता?

प्रश्न : सर, निवृत्तीच्या निमित्ताने मला सिगारची एक पेटी भेट मिळाली. दोन ओढून पाहिले. पहिला कडूजहर लागला, दुसऱ्याने डोकं गरगरलं. देणारे गृहस्थ म्हणतात, ‘माल एक नंबर आहे, तुम्हाला त्यातलं कळत नाही.’ कळायचं म्हणजे नेमकं काय बघायचं?

उत्तर : गरगरण्यावरून माल एक नंबर की दोन नंबर हे अजिबात ठरत नाही. ते निकोटीन. सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसतो, तोंडात खेळवून सोडून द्यायचा असतो. हा धूर अल्कधर्मी असल्यामुळे निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरतं. उपाशीपोटी तर विचारूच नका. पुन्हा तसं झालं तर सिगार बाजूला ठेवून बसून राहा आणि काहीतरी गोड खा. कडकपणा वेगळा, दर्जा वेगळा. अगदी सौम्य सिगारही अव्वल असू शकतो, आणि कडक सिगार निव्वळ कडकच.

माझी उमेदीची वर्षं तंबाखूच्या पानाची प्रतवारी करण्यात गेली, म्हणून सवयीने मी आधी हात लावून बघतो. उत्तम सिगारच्या पोटात अख्खी, लांब पानं दुमडून घातलेली असतात. त्यांना बांधून ठेवणारं एक पान, आणि सगळ्यांत वर देखणं आवरणाचं पान. यंत्रावरच्या स्वस्त मालात बहुधा पानांचा चुरा भरतात. सिगार दोन बोटांत धरून पेटवायच्या टोकापासून डोक्यापर्यंत, म्हणजे तोंडात धरायच्या बंद टोकापर्यंत, हलकेच दाबत जा. मध्येच गाठीसारखं टणक लागलं तर तिथे धूर अडणार. पोकळ लागलं तर तिथे भसकन जळून चव करपणार. आवरणाच्या शिरा बारीक हव्यात, वळसे घट्ट बसलेले हवेत, आणि पानावर किंचित तेलकट तुकतुकी हवी. कोरडं, कागदासारखं वाजणारं पान दिसलं की मी पुढे जातच नाही.

रंगावर मात्र जाऊ नका. काळपट ‘मादुरो’ आवरण जास्त काळ आंबवल्यामुळे काळं झालेलं असतं आणि बरेचदा उलट गोडसर लागतं. कडकपणा ठरतो तो आतल्या भरणीवर. रोपाच्या खालच्या भागातलं पान ‘व्होलाडो’, ते नीट जळतं. मधलं ‘सेको’, ते सुगंध देतं. शेंड्याकडचं ‘लिहेरो’, त्याला सगळ्यांत जास्त ऊन मिळतं, म्हणून ते जाड आणि तिखट. लिहेरो हळू जळतं, त्यामुळे वळणारा कारागीर ते बरोबर मध्यभागी ठेवतो. न पेटवलेल्या सिगारचं उघडं टोक उजेडात धरून बघा: पानांच्या घड्या दिसतील, मध्ये गडद आणि कडेला फिकट. गडद पान एका बाजूला सरकलेलं असेल तर तो सिगार वाकडा जळणार हे पेटवण्याआधीच सांगता येतं.

मग डोक्याकडची टोपी, म्हणजे तिथे चिकटवलेला पानाचा तुकडा, कापा, पण जेमतेम दोन मिलिमीटर. डोक्याची गोलाई संपते त्या खांद्याच्या खाली सुरी गेली तर आवरण सुटायला लागतं. कापल्यावर न पेटवताच एक झुरका ओढा. हवा थोड्या अडथळ्याने यायला हवी. गाल आत जाईपर्यंत ओढावं लागलं तर भरणी घट्ट झाली आहे, आणि हवा फुकट आत आली तर सैल. याच कोरड्या झुरक्यात वाळलेलं गवत, लाकूड, मनुका असं काही ना काही जाणवतं. पेट्रोलचा लायटर किंवा मेणबत्ती वापरू नका, त्यांचा वास लागतो. ब्युटेनचा लायटर चालेल. काडी असेल तर आधी तिचं गंधक जळून जाऊ द्या. टोक ज्योतीच्या जरा वर धरून फिरवत सगळीकडून सारखं शेकून घ्या.

तुमचा पहिला सिगार कडू लागला त्याचं कारण बहुधा घाई. मिनिटाला एक झुरका पुरे. भराभर ओढलं की आतलं पान तापतं आणि उत्तमातला उत्तम सिगारही कडूच लागतो. पहिल्या दोन-चार झुरक्यांवर मत बनवू नका. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू एवढं ढोबळच कळतं; मिरी, कोको, चामडं, देवदारासारखं लाकूड हे सगळं नाकाचं काम. म्हणून तोंडातला थोडा धूर, अगदी थोडा, नाकावाटे सोडा. इथेच खरी परीक्षा होते. नाकात अमोनियाची तिडीक गेली तर पान पुरतं मुरलेलं नाही. आंबवताना पानांचे मोठे ढीग रचतात, ते आतून तापतात आणि अमोनिया निघून जातो. हे घाईत उरकलं, किंवा वळल्यावर सिगारला विसावा दिला नाही, की उरलेला अमोनिया तुमच्या नाकात निघतो. असा सिगार फेकू नका, काही महिने ठेवून द्या.

सिगारचे मनाशी तीन भाग करा. सुमार सिगार पहिल्या भागात जे बोलतो तेच शेवटपर्यंत बोलत राहतो, नाहीतर तिसऱ्या भागात नुसता डांबरट होतो. चांगल्याची चव बदलत जाते, आणि शेवटी जड झाली तरी स्वच्छ राहते. मी गुण देतो ते बहुतेक तिसऱ्या भागाला.

प्रश्न : राख जितकी पांढरी आणि लांब, तितका सिगार उत्तम, हे खरं का?

उत्तर : लांबीचं अर्धं खरं. राख टिकून राहिली म्हणजे आत अख्खी पानं आहेत आणि भरणी नीट झाली आहे. पांढरेपणाचा संबंध मुख्यतः जमिनीतल्या खनिजांशी, विशेषतः मॅग्नेशियमशी. करडी राख पडणारे अप्रतिम सिगार मी ओढले आहेत. जळण्याची रेघ थोडी वेडीवाकडी असली तर आपोआप सरळ होते. एकच बाजू पुढे पळत राहिली किंवा आतून बोगदा पडला तरच दोष माना, आणि तेव्हाही वारा नव्हता ना, सिगार दमट नव्हता ना, हे आधी तपासा. राखेच्या लांबीची स्पर्धा लावणाऱ्यांचे सदरे बघा एकदा.

प्रश्न : जाड सिगार जास्त कडक असतो का? पेटीवर ५० लिहिलंय.

उत्तर : नाही. ५० म्हणजे ५०/६४ इंच व्यास, साधारण २० मिलिमीटर. जाड सिगार उलट थंड जळतो. बारीक सिगारमध्ये भरणीच्या मानाने आवरणाच्या पानाचा वाटा मोठा असतो, त्यामुळे ते पान चाखायचं तर बारीकच घ्यावा.

प्रश्न : क्युबाच्या सिगारला तोड नाही म्हणतात. खरा कसा ओळखायचा?

उत्तर : क्युबातल्या पिनार देल रिओ प्रांतातल्या व्हुएल्ता आबाहोचं पान थोर आहे, वाद नाही. पण ‘तोड नाही’ हे जुनं झालं. क्रांतीनंतर कितीतरी जाणकार मंडळी बाहेर पडली आणि १९६२मध्ये अमेरिकेने व्यापारबंदी घातली. आज निकाराग्वातलं एस्तेली आणि डोमिनिकन प्रजासत्ताकातलं सिबाओ खोरं इथला उत्तम माल कुणाहून कमी नाही. अस्सलपणाचं म्हणाल, तर क्युबाच्या हातवळणीच्या पेटीच्या तळाला ‘तोतालमेंते आ मानो’, म्हणजे संपूर्ण हाताने बनवलेला, असा ठसा असतो. पण ठसा कुणीही मारू शकतो. काचेच्या झाकणाच्या पेटीत ‘कोईबा’ हा क्युबाचा नामांकित सिगार विकायला आला तर सरळ नमस्कार करून निघा. आणि तुलना करायची तर दुसऱ्या कुणाला सिगारवरच्या नावाच्या कागदी पट्ट्या काढून द्यायला सांगा. पट्टी दिसली की जीभ तिच्या बाजूने साक्ष देते.

प्रश्न : सिगारेटपेक्षा सिगार कमी घातक ना?

उत्तर : नाही. एका मोठ्या सिगारमध्ये अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. धूर छातीत घेतला नाही तरी तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका आहेच. मी स्वतः फार क्वचित ओढतो. जे सिगार ओढत नाहीत त्यांनी हे सदर वाचून सुरू करू नये.

प्रश्न : पेटी फ्रिजमध्ये ठेवली तर चालेल?

उत्तर : नको, फ्रिज सिगार सुकवतो. ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १८ ते २० अंश सेल्सिअस तापमान हवं. २५ अंशांच्या वर गेलं की पानात असलीच तर तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी उबायला लागतात. टाचणीने टोचल्यासारखी बारीक गोल भोकं दिसली तर उरलेले सिगार हवाबंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग हळूहळू साध्या तापमानाला आणा. केसाळ पांढरा थर म्हणजे बुरशी, त्याला कुणी कितीही गोंडस नाव देवो.

प्रश्न : अर्धा ओढून विझलेला सिगार दुसऱ्या दिवशी पेटवावा का?

उत्तर : तास-दोन तासांत ठीक. राख झाडा, सिगारमधून उलटी फुंकर मारून शिळा धूर बाहेर काढा, मग पेटवा. दुसऱ्या दिवशी मात्र तोंडात डांबरच येईल. आणि गुण द्यायचे असतील तर पुन्हा पेटवलेल्या सिगारला देऊ नका, नवा घ्या.