एल निनोच्या वर्षी द्राक्षाची आगाप छाटणी घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की सांगलीच्या जत तालुक्यात बाग आहे, यंदा एल निनोची बातमी आहे, वडील म्हणतात पाऊस काही होत नाही, आगाप, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर, छाटणी घेऊन मोकळं होऊ. तर पॅसिफिकचं पाणी तापलं की आपल्याकडे दुष्काळ पडतोच का?

पडतोच असं नाही. आणि उन्हाळ्यात ऐकलेल्या बातमीवर छाटणीची तारीख तर अजिबात ठरवू नका. आमच्या घरात ती तशी ठरली होती, म्हणून लिहायला बसलोय.

पॅसिफिकच्या मधल्या आणि पूर्वेकडच्या पट्ट्यातलं पाणी सरासरीपेक्षा अर्धा अंश किंवा त्याहून जास्त तापून महिनोन्‌महिने तसंच राहिलं, की ढग तिकडे सरकतात आणि आपल्या बाजूला हवा खाली बसते. १९७२, २००२, २००९, २०१५ ही सगळी एल निनोची वर्षं. २००९ ला देशात सरासरीच्या ७८ टक्केच पाऊस झाला. २०१५ नंतरच्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सगळ्यात तगड्यांपैकी होता आणि त्या वर्षी देशात पाऊस पडला १०२ टक्के. त्या वर्षी आपल्याच हिंदी महासागरात आफ्रिकेकडचं पाणी तापलं होतं आणि सुमात्राकडचं गार पडलं होतं. याला पॉझिटिव्ह डायपोल म्हणतात, तो आपल्याकडच्या पावसाला जोर देतो. हे गणित शास्त्रज्ञांनी नीट मांडलं तेच १९९९ मध्ये, त्यामुळे आपल्या वडीलधाऱ्यांच्या हिशेबात ते नाही.

आमची बाग कवठेमहांकाळ तालुक्यात. घरातला शब्द थोरल्या चुलत्यांचा, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. आप्पांनी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली आहे, सुकडी खाऊन दिवस काढले आहेत. तेव्हा एल निनो हा शब्द गावात कुणाला ठाऊक नव्हता. पुढे तो टीव्हीवर ऐकला आणि त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं की एल निनो म्हणजे बहात्तर.

२०१९ च्या मे महिन्यात टीव्हीवर तेच चाललं होतं. जून तसाच कोरडा गेला, देशात ३३ टक्के तूट. विहिरीनं तळ गाठला, बाग टँकरवर आली. ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, गावभागात होड्या फिरत होत्या, आणि त्याच आठवड्यात जतला पिण्याच्या पाण्याचे टँकर सुरू होते. आमच्याकडेही ढग नुसते वरून जायचे. आप्पा म्हणाले, पाणी आहे तोवर छाटून घेऊ, जानेवारीत विहीर आटायच्या आत माल निघाला पाहिजे. बहात्तर पाहिलेल्या माणसाचा हा विचार चूक म्हणवत नाही. पण अमेरिकेच्या हवामान संस्थेनं एल निनो संपल्याचं ऑगस्टमध्येच जाहीर केलं होतं, आणि डायपोल चढत होता. ऑस्ट्रेलियाचं हवामान खातं त्याचे आकडे देतं. ते मी मोबाइलवर दाखवले. म्हटलं, आप्पा, यंदा पाऊस उशिरापर्यंत राहील, निम्मी बाग तरी मागं ठेवा. त्यांनी मोबाइल हातात घेतला नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला सगळी बाग छाटली.

त्या वर्षी मान्सूननं राजस्थानातून परतायला ९ ऑक्टोबर उजाडला, इतका उशीर नोंदींमध्ये नाही. आमचा फुलोरा बरोबर ऑक्टोबरच्या मध्यावर आला आणि मग अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ, त्यापाठोपाठ महा. त्या एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. पानांवर दावण्या रोग, मग घडकुज. माझा चुलत भाऊ रात्री दोनला उठून चिखलात ब्लोअर ओढायचा, ट्रॅक्टर रुतला की आम्ही दोघं ढकलायचो. औषध मारलं की तासाभरात पाऊस धुऊन न्यायचा. शेवटी घड काढून बांधावर टाकले.

आजही घरात लग्नकार्याला चार पाहुणे जमले की आप्पा म्हणतात, पोरानं फवारणी वेळेवर केली नाही म्हणून त्या साली बाग गेली. मी हे ऐकून घेत नाही आणि इथंही लिहून ठेवतो: फवारणी कमी पडली नव्हती. फुलोऱ्यातली बाग आठवडा-आठवडा भिजत राहिली तर कुठल्याही औषधाला ती वाचवता येत नाही. बाग गेली ती छाटणीच्या तारखेनं. आमच्या शेजाऱ्यांनी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात छाटली होती, त्यांच्या वेलींच्या डोळ्यांना तेव्हा जेमतेम कोंब होते, त्यांना माल मिळाला. माझा चुलत भाऊ मात्र त्या वर्षापासून बागेत मन घालत नाही.

त्यामुळे तुमच्या वडिलांना सांगा, पॅसिफिकच्या जोडीला अरबी समुद्र बघा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या अभ्यासानुसार हिंदी महासागराच्या पश्चिम भागाचं पावसाळ्यातलं तापमान १९०१ ते २०१२ या काळात १.२ अंशांनी वाढलंय. समुद्र असा तापत असताना आजोबांच्या छाटणीच्या तारखा तशाच कशा चालतील? ऑगस्टच्या शेवटी डायपोलचा आकडा बघा. तो चढा असेल तर सगळी बाग एकदम आगाप छाटणं हा जुगार आहे, प्लॉट पाडून पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं घ्या.

एक मात्र आहे. डायपोल पॉझिटिव्ह म्हणजे पाऊस नक्की, असंही धरू नका. २०२३ ला एल निनो होता, डायपोलही पॉझिटिव्ह झाला, पण तो जोर धरेपर्यंत ऑगस्ट हातचा गेला. देशात त्या महिन्यात ३६ टक्के तूट, १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. सप्टेंबरनं थोडं सावरलं आणि हंगाम ९४ टक्क्यांवर थांबला. शिवाय हे आकडे देशाचे. जतचा पाऊस त्यातून कळत नाही, २०१९ नं ते दाखवलंच.

तुमच्या शिवारात म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी पोचतं का, आणि शेततळं आहे का, ते प्रश्नात लिहिलेलं नाही. पाण्याची सोय असेल तर आगाप छाटायचं कारणच उरत नाही. नसेल तर वडिलांची भीती खरी आहे. मग निम्मी बाग त्यांच्या तारखेला छाटा, निम्मी ऑक्टोबरच्या मध्यानंतर, आणि आगाप प्लॉटवर प्लास्टिक आच्छादन परवडतंय का ते आत्ताच चौकशी करून ठेवा.