फळ्यावरची नावं पुसा

प्रश्न : पहिली-दुसरी एकाच खोलीत, पट २८. मधल्या सुट्टीनंतर वर्ग मार्गी लागायला पंधरा मिनिटं जातात. मॉनिटर बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो, तरी गोंगाट तोच. काय करावं?
– एक शिक्षिका, जि. प. शाळा

उत्तर : नावं लिहिणं आजपासून बंद करा. सात वर्षांचा मॉनिटर मित्राचं नाव गाळतो आणि ज्याच्याशी कट्टी त्याच्या नावापुढे फुल्या वाढवतो. ज्याचं नाव रोजच वर असतं, त्याला त्याचं काही वाटेनासं होतं.

ती पंधरा मिनिटं जातात कुठे, ते एकदा दाराशी उभं राहून बघा. ओलं ताट दप्तरात कोंबायचं, तेवढ्यात पाणी आठवतं, पेन्सिल सापडत नाही, आणि बाई खिचडीची नोंद लिहिण्यात गुंतलेल्या. मुलं वांड नसतात. त्यांच्या हाताला काम नसतं.

म्हणून तयारी सुट्टीच्या आधी. घंटेपूर्वी ३ मिनिटं पाटी-वही उघडून, वर पेन्सिल ठेवूनच मुलं बाहेर जातील. फळ्यावर काम लिहून ठेवा : दुसरीला चार बेरजा, पहिलीला अक्षर गिरवणं. काम आधी येत असलेलंच हवं. नवीन दिलंत तर ‘बाई, हे कसं करायचं?’ म्हणत अर्धा वर्ग टेबलाभोवती जमेल. परतताना क्रम एकच : पाणी, दाराजवळच्या खोक्यात ताट, मग जागा. नोंद नंतर लिहा. पहिली ५ मिनिटं पहिलीजवळ उभ्या राहा, कारण त्यांना फळ्यावरची सूचना वाचता येत नाही.

हा क्रम सांगून येत नाही, कवितेसारखा घोटून घ्यावा लागतो. पहिला आठवडा रोज दोनदा, सुट्टी नसतानाही सराव घ्या. चुकलं की न रागावता दारापासून पुन्हा. दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळं विसरलेलं असतं, तेव्हा पुन्हा दोन-तीन दिवस.

शांततेची खूण एकच ठेवा. ‘एक, दोन, साडेमाडे...’ तुम्ही म्हणायचं, ‘तीन!’ मुलांनी, आणि हात खाली. वीस जण गप्प झाले की आपण बोलायला लागतो, तिथेच खूण मोडते. उरलेल्या आठांना कळतं की थांबलं नाही तरी चालतं. अठ्ठाविसावा गप्प होईपर्यंत थांबा. दिवसातून पाच-सहा वेळांपेक्षा जास्त वापरलीत तर तिचं बडबडगीत होईल.

प्रश्न : दुसरीतला एक मुलगा सतत उठून फिरतो. वर्गाबाहेर उभं केलं तर चालेल का?

उत्तर : नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मारायला तर बंदी आहेच, मानसिक छळालाही आहे. शिवाय ज्याला बसायचं नाही त्याला बाहेर काढणं म्हणजे बक्षीसच.

पाच दिवस वहीत टिपा : कधी उठला, तेव्हा काम कोणतं होतं, त्याआधी काय घडलं. लिहिण्याच्या वेळीच उठत असेल तर लिहिणं जड जातंय. फळ्यावरून उतरवताना उठत असेल तर डोळे तपासून घ्या. घरी पावरी, कोरकू किंवा गोरमाटी बोलत असतील तर सूचना कळलीच नसेल. एका वेळी एकच सांगा, हाताने दाखवून. जागा दार-खिडकीपासून दूर, तुमच्या हाताच्या अंतरावर. दहा ओळींऐवजी तीन द्या, झाल्या की वह्या वाटायला उठवा. नुसतं ‘शाब्बास’ नको. ‘तिन्ही ओळी बसून लिहिल्यास’ असं म्हणा, आणि तेही त्याच्या बाकाजवळ जाऊन, हळू आवाजात.