गणितात ब-१ आहे, म्हणजे नक्की काय येतं?

ताई, पत्र वाचलं. मुलगा तिसरीला, अनुदानित शाळा, सेमी इंग्रजी, प्रगतीपुस्तक वर्षातून दोनदा येतं आणि सही करून लगेच परत द्यायचं. गणितात ब-१, 'सुधारणा आवश्यक'च्या रकान्यात 'सराव वाढवावा' एवढंच, पेपर घरी देत नाहीत, बाईंना विचारलं तर 'छान आहे हो, जरा बोलका आहे'. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की इंजिनिअरिंगचा कल बघायला ॲप्टिट्यूड टेस्ट करू का, फाउंडेशनचा क्लास लावू का.

टेस्ट नको. आठ वर्षाच्या पोराला आज क्रेन चालवायची असते, उद्या पोलीस व्हायचं असतं, त्यावर कशाला पैसे घालवताय, नववी-दहावीत बघू. क्लासचं म्हणाल तर त्याला काय येतं आणि काय नाही हेच आपल्याला माहीत नाही, मग क्लासवाला शिकवणार तरी काय?

आता ते ब-१. आपल्याकडे २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, त्यात तिसरी-चौथीला १०० पैकी ६० गुण आकारिकचे, म्हणजे तोंडी, प्रकल्प, उपक्रम, स्वाध्याय, वर्गातलं निरीक्षण वगैरे, आणि ४० संकलितचे, म्हणजे आपण ज्याला सत्र परीक्षा म्हणतो ते. ७१ ते ८० पडले की ब-१. समजा एकाला आकारिकमध्ये ५४ आणि संकलितमध्ये २१, दुसऱ्याला ३९ आणि ३६, दोघांचे ७५ आणि दोघांनाही ब-१! पण पहिल्याला पेपरात हातच्याची वजाबाकी जमत नसेल, आणि दुसऱ्याला सगळं येतं पण तो वर्गात तोंड उघडत नाही, असं असू शकतं. (आणि प्रकल्प कोण करतं ते आपल्याला माहितीये, रात्री अकराला थर्माकोल कापणारे आपणच.) तुमचा मुलगा बोलका आहे म्हणजे तो पहिल्या प्रकारातला असू शकतो, पण हा माझा अंदाज झाला, खरं काय ते पेपर बघूनच कळेल.

बाईंची बाजू पण बघा. वर्गात पन्नास-साठ मुलं, प्रत्येकाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या, म्हणून तयार नोंदींच्या पीडीएफ फिरतात आणि 'सराव वाढवावा' अर्ध्या वर्गाला जातं. शिवाय पेपर घरी दिले की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अर्ध्या-अर्ध्या मार्कावरून भांडणं लागतात, त्यामुळे शाळा हात आखडता घेते. समजू शकतो, पण पटत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाचं कर्तव्य म्हणूनच लिहिलंय की पालकांच्या नियमित बैठका घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, शिकण्यातली प्रगती पालकांना सांगायची, त्यामुळे तुम्ही विचारताय त्यात आगाऊपणा काही नाही.

फक्त प्रश्न बदला. 'कसा आहे' विचारलं की 'छान आहे' हेच उत्तर येणार. पालक सभेच्या गर्दीत नको, वेगळी वेळ मागा आणि विचारा की तीन अंकी वजाबाकी हातचा घेऊन करतो का, शाब्दिक उदाहरण स्वतः वाचून सोडवतो का की कुणीतरी वाचून दाखवावं लागतं, न पाहिलेला उतारा वाचता येतो का. आकारिक आणि संकलितचे गुण वेगवेगळे विचारा. पेपर घरी देत नसतील तर तिथेच बसून बघू द्या म्हणा, आणि बघताना मार्क सोडा, चूक कुठे होते ते बघा. दुसऱ्या कुणाच्या मुलाचं नाव मात्र काढायचं नाही, ते काढलं की बाई गप्प होणार.

हे आत्ताच करा म्हणतोय कारण पाचवीत वार्षिक परीक्षा आहे, २०२३-२४ पासून नापास झालं तर पुनर्परीक्षा आणि त्यातही नाही जमलं तर पाचवीतच बसावं लागतं. वजाबाकीतच अडकलेला असेल तर घरी रोज पंधरा मिनिटं पुरतील, फाउंडेशनची गरज नाही.

बाईंनी टाळलं तर मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या, तिथेही नाही झालं तर शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांशी बोला, समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात. अर्जात तक्रारीचा सूर नको, 'माझ्या पाल्याच्या गणित व भाषा विषयाच्या उत्तरपत्रिका शाळेत पाहण्यासाठी वेळ मिळावी ही विनंती' एवढं लिहून खाली मोबाईल नंबर टाका आणि एका कॉपीवर पोच घ्या.