कोकणच्या किनाऱ्यावर शार्कचे जीवाश्म दात कुठे मिळतील?

तुमचा प्रश्न असा आहे: दिवाळीनंतर दापोली-गुहागरकडे येताय, फ्लोरिडातले लोक किनाऱ्यावर शार्कचे काळेभोर दात वेचतायत असे व्हिडिओ पाहिलेत, तर तसे कोकणात नेमके कुठे मिळतील आणि जुना दात ओळखायचा कसा.

आधी नन्नाचा पाढा वाचून टाकतो. दात मिळेल, जीवाश्म बहुतेक मिळणार नाही. मुशीच्या, म्हणजे आपल्याकडच्या शार्कच्या, जबड्यातून अलीकडेच गळलेला एखादा पांढरा दात नशिबात असेल तर पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, हाती लागेल. लाखो वर्षांपूर्वीचा हवा असेल तर तुम्ही चुकीच्या राज्यात सुट्टी टाकलीय.

याला कारण आपला खडक. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागात असते तशा मऊ हाडाचा. तो कुजून जातो. दात मात्र टणक, आणि शार्क ते आयुष्यभर गाळत राहतो, हजारोंनी. म्हणून जगात शार्कच्या जीवाश्मांत दातच जास्त. पण दात टिकायला तो समुद्रतळाच्या गाळात पुरला जावा लागतो, आणि तुमच्या हाती यायला तोच गाळाचा थर पुढे कधीतरी लाटांच्या तोंडी यावा लागतो. फ्लोरिडात व्हेनिस गावासमोर तसे थर किनाऱ्यालगतच पाण्याखाली आहेत. मेरीलँडमध्ये कॅल्व्हर्टचे अख्खे कडेच तशा मातीचे आहेत, दर वादळात थोडे ढासळतात आणि खाली दात सांडतात.

आपल्याकडे काय आहे? काळा कातळ, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेला लाव्हा. त्यावर जांभा, तोही बराचसा त्याच कातळाची झीज होऊन झालेला. दोन्हींत समुद्राच्या गाळाचा पत्ता नाही. लाव्ह्याच्या एका लोंढ्यानंतर दुसरा येईपर्यंत मध्ये तळी साचायची. मुंबईत वरळीला अशाच थरात बेडकांचे जीवाश्म निघाले आणि १८४७ साली रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यांचं वर्णन केलं. वरळीचा बेडूक जगप्रसिद्ध आहे, पण तो गोड्या पाण्यातला. रत्नागिरीच्या आसपास जांभ्याखाली लिग्नाइटचे, म्हणजे कच्च्या कोळशाचे, थर लागतात, तिथे मिळतात ते झाडापानांचे अवशेष.

शार्कांच्या त्या जमान्याचे थर आपल्या वाट्याला आलेच नाहीत असंही नाही. ते समुद्रात आहेत. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत बॉम्बे हायला १९७४ साली तेल लागलं, ते मुख्यतः मायोसीन काळातल्या, म्हणजे साधारण सव्वादोन कोटी ते पन्नास लाख वर्षांपूर्वीच्या, चुनखडीत. मेगॅलोडॉन नावाचा तो अजस्र शार्क, ज्याचा दात १८ सेंटिमीटरपर्यंत भरायचा, तो जगात पहिल्यांदा दिसतो तो याच मायोसीनच्या सुमारास. म्हणजे काळ जुळतो, पण तिथवर पोचायला तेलविहिरीचं ड्रिल लागतं, चाळणीने भागत नाही.

काही किनाऱ्यांवर वाळू आणि शिंपले चुन्याने एकमेकांना चिकटून झालेला खडबडीत खडक दिसेल. त्यात शिंपले अडकलेले पाहून माणूस हरखतो. पण हा खडक भूशास्त्राच्या हिशेबाने अगदी कालचा, काही हजार वर्षांचा. पुळणीची वाळू तर त्याहून तरुण. केळशीच्या वाळूच्या टेकडीत खापरं आणि नाणी निघालीत, यावरून काय ते समजा.

आता तुम्ही तरीही खाली मान घालून चालणार, हे मला माहीत आहे. मीही चालतो. तेव्हा काळं, टोकदार काही दिसलं तर ते काय असू शकतं ते सांगतो. फसवण्यात पहिला नंबर खडपातल्या खेकड्याच्या नांगीच्या टोकाचा. काही खेकड्यांच्या नांग्यांची टोकं जन्मजातच काळी-तपकिरी आणि चकचकीत असतात. बाकीची नांगी फुटून जाते आणि हे वाकडं टोक उरतं. हातात घेऊन मागून बघा. नांगी पोकळ असते, भोक दिसतं. दात मागच्या बाजूला भरीव असतो आणि त्याला मूळ असतं, दोन फाट्यांचं, जरा खरखरीत, कित्येकदा मधोमध एक बारीक खाच असलेलं. वरचा भाग गुळगुळीत. बऱ्याच जातींच्या दाताच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते असतात, ते डोळ्यांना नाही दिसले तरी नखाची कड फिरवली की जाणवतात. हे मूळ आणि ही कड, दोन्ही पटल्याशिवाय उड्या मारू नका.

दुसरा फसवा म्हणजे शिंपल्याचा तुकडा. खाडीच्या चिखलात हवा पोचत नाही, तिथे लोहाच्या संयुगांमुळे शिंपले काळेकुट्ट होतात आणि मग ओहोटीबरोबर खाडीच्या मुखाशी येऊन पडतात. त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. शिंपल्यावर बारीक बुडबुडे येतील, कारण तो चुना. दात फॉस्फेटचा, तो असा फसफसत नाही. मात्र दात असेल असं वाटलं तर थेंब लगेच पुसा आणि गोड्या पाण्याने धुवा, आम्ल दातालाही खातं. बाकी केंड माशाची चोच, पाकटाच्या शेपटीच्या काट्याचा तुकडा, कातळाच्या कपच्या, हे नेहमीचे पाहुणे. रंगावर तर मुळीच जाऊ नका. जीवाश्म दात काळा होतो तो आजूबाजूच्या गाळातली खनिजं त्यात उतरल्यामुळे. गाळ वेगळा असेल तर तोच दात करडा किंवा तपकिरी निघेल, म्हणजे काळा तितका जुना हे खरं नाही.

ताजा दात शोधायचा तर वेळ नीट निवडा. पावसाळ्यात लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात आणि नंतरच्या महिन्यांत ती हळूहळू परत येते. त्यामुळे पावसाळा सरता सरता गोटे आणि कच उघडी असते, तेव्हा शोधणं सोपं. तुम्ही दिवाळीनंतर येताय, म्हणजे थोडा उशीर झालाय, पण चालेल. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण धरा, तेव्हा पाणी सगळ्यात लांब जातं. भरतीची वेळ काढायला आमच्याकडे सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा, तेव्हा भरती. त्यापासून सहा तास पुढे-मागे ओहोटी, म्हणजे पहाटे सव्वापाच आणि संध्याकाळी तेवढ्यालाच. हा ढोबळ हिशेब झाला, थोडं इकडेतिकडे होतं. अष्टमीला याच हिशेबाने सहाला भरती आणि भरदुपारी बाराला ओहोटी येते, पण तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी कमजोर असते, पाणी फारसं हटत नाही. त्या दिवशी सोलकढी पिऊन झोपा.

मऊ सपाट वाळूत काही नसतं. शिंपल्यांचा चुरा आणि बारीक खडे जिथे पट्ट्याने साचतात तिथे बसा. हो, बसाच, चालत्या माणसाला पाच मिलिमीटरची वस्तू दिसत नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त सापडणारी मुशी छोट्या जातीची आहे, तिचे दात मोजून दोन-चार मिलिमीटरचे. व्हिडिओतला अंगठ्याएवढा दात डोळ्यांपुढे ठेवून शोधलंत तर हे पायाखालून जातील.

उकरू मात्र नका. वेळास, आंजर्ले या बाजूला नोव्हेंबरपासून कासवं अंडी घालायला येतात, घरटं वाळूखाली असतं आणि वरून काही कळत नाही. वरवर पडलंय तेवढंच वेचा.

दात कसा दिसतो हे आधी डोळ्यांत बसवायचं असेल तर संध्याकाळी हर्णै बंदरावर लिलावाला जा. एखाद्या मावशींना सांगा, "मावशी, मुशीचं मुंडकं फेकणार असाल तर मला द्या." हसतील, पण देतील. जबडा उघडून आत बघा: पुढच्या रांगेमागे नव्या दातांच्या रांगा आडव्या झोपून नंबराची वाट बघत असतात. हे एकदा पाहिलं की शार्कला दात गाळणं का परवडतं ते समजतं. वास दोन दिवस हाताला राहतो, ते सोसा. मोठ्या किंवा विचित्र दिसणाऱ्या माशाचा जबडा मात्र घेऊ नका. देवमुशी, करवत मासा अशा जाती कायद्याने संरक्षित आहेत आणि त्यांचा अवयव बाळगणं हाही गुन्हा.

खरोखर जीवाश्मच हवा असेल तर गुजरातचा विचार करा. कच्छमध्ये मायोसीन काळातले समुद्री थर जमिनीवर उघडे आहेत आणि तिथून शार्कचे दात नोंदले गेलेत. भावनगरजवळच्या पिरम बेटावरूनही. पूर्वेला ओडिशात बारीपदाचे थर आहेत. अशा ठिकाणी एकटे हातोडी घेऊन जाऊ नका. जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला विचारून, त्यांच्या सहलीबरोबर गेलात तर थर वाचायलाही शिकाल आणि परवानगीचा प्रश्नही सुटेल.

ऑनलाइन मिळणारे स्वस्त दात बहुतेक मोरोक्कोतल्या फॉस्फेटच्या खाणींमधले असतात. तिथे ते ढिगाने निघतात, त्यामुळे स्वस्त म्हणजे खोटा असं नाही, पण मूळ चिकटवलेले आणि डागडुजी केलेले पुष्कळ. अख्खा, निर्दोष मेगॅलोडॉन दोन-तीनशे रुपयांत कोणी देत असेल तर तो रेझिनचा.

काही सापडलं तर इथेच फोटो टाका. दोन्ही बाजूंचे, मुळाचा एक जवळून, आणि शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. कुठल्या गावच्या पुळणीवर आणि खाडीच्या मुखापासून किती लांब मिळालं तेही लिहा.