बायबलमध्ये झाडांना एवढे महत्त्व का आहे आणि एदेन बागेतील ते झाड सफरचंदाचेच होते का?

आपल्या प्रश्नाचे तीन भाग आहेत. बायबलमध्ये झाडे सतत का येत राहतात, प्रत्येक झाडाचा काही ठरलेला अर्थ आहे का, आणि एदेन बागेतील निषिद्ध फळ सफरचंदच होते का. शेवटच्या भागाचे उत्तर सर्वांत छोटे असल्याने ते आधी देतो. बायबलच्या पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकात त्या फळाचे नाव कोठेही नाही. बागेच्या मध्यभागी जीवनाचे झाड आणि बऱ्यावाइटाचे ज्ञान देणारे झाड होते, एवढेच तेथे म्हटले आहे. प्राचीन ज्यू भाष्यकारांनी द्राक्षवेल, अंजीर, इतकेच नव्हे तर गहूसुद्धा सुचवला होता. अंजिराच्या बाजूने युक्तिवाद असा की, आदाम आणि हव्वा यांनी लगेच अंजिराची पाने शिवून अंग झाकले, म्हणजे हाताशी तेच झाड असणार. सफरचंद युरोपीय चित्रकलेतून रूढ झाले, आणि लॅटिनमध्ये ‘मालुम’ हा शब्द स्वराच्या ऱ्हस्वदीर्घ फरकाने ‘वाईट’ आणि ‘सफरचंद’ अशा दोन्ही अर्थांनी येत असल्यामुळे ही समजूत रुजायला सोपे गेले असावे.

आता ठरलेल्या अर्थांविषयी. ‘जैतून म्हणजे शांती, गंधसरू म्हणजे वैभव, अंजीर म्हणजे इस्राएल’ अशा याद्या आपण पाहिल्या असतील. त्या सर्वस्वी चुकीच्या नाहीत, पण वाचकाची दिशाभूल करतात, असे माझे मत आहे. अंजिराचेच पाहा. एदेनात त्याची पाने लाज झाकण्यासाठी येतात. शलमोन राजाच्या राज्याचे वर्णन करताना प्रत्येक जण आपापल्या द्राक्षवेलीखाली आणि अंजिराखाली निर्भयपणे राहत होता असे म्हटले आहे, म्हणजे तेथे ते झाड सुरक्षिततेची खूण आहे, आणि मीखा संदेष्ट्याने भविष्यातील शांततेचे चित्र रंगवताना नेमके हेच शब्द उचलले आहेत. मार्कने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, म्हणजे मार्कच्या शुभवर्तमानात, मात्र येशू पाने असलेल्या पण फळ नसलेल्या अंजिराला शाप देतो. अंजिराचा हंगाम नव्हता हे मार्क स्वतःच नमूद करत असल्यामुळे अनेक वाचकांना हा शाप अन्यायाचा वाटतो. परंतु मार्कने या कथेचे दोन तुकडे करून त्यांच्या मधोमध मंदिरातून विक्रेत्यांना हाकलून लावण्याचा प्रसंग ठेवला आहे, हे लक्षात घेतले की रोख झाडावर नसून पानांनी डवरलेल्या पण निष्फळ झालेल्या मंदिरव्यवस्थेवर आहे हे उमगते. झाड एकच, पण लाज, निर्भयता आणि निष्फळता असे तीन निरनिराळे अर्थ त्याला त्या त्या जागी मिळाले आहेत.

मला स्वतःला या प्रतीकाचा गाभा फार उशिरा कळला, आणि त्याचे कारण भाषेत दडलेले होते. उभे आणि जिवंत असते ते झाड, तोडले की लाकूड, जमिनीत रोवले की खांब, आणि ख्रिस्ताच्या मृत्यूच्या साधनाला आपण ‘वधस्तंभ’ असे स्वतंत्र नाव दिलेले आहे. शब्द चार असल्यामुळे वस्तूही चार आहेत असा मराठी वाचकाचा समज होतो. बायबलचा पहिला भाग असलेल्या जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत मात्र ‘एत्स’ हा एकच शब्द झाड आणि लाकूड या दोन्हींसाठी चालतो. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकापासून जुन्या कराराचे जे ग्रीक भाषांतर होत गेले, त्यात एदेनातील झाडांसाठी ‘क्सिलॉन’ हा शब्द योजला गेला. ग्रीकमध्ये जिवंत झाडाला ‘डेन्ड्रॉन’ असा सरळ शब्द उपलब्ध होता. ‘क्सिलॉन’चा नेहमीचा अर्थ लाकूड, ओंडका किंवा सोटा असा आहे. येशूला धरायला आलेल्या जमावाच्या हातातील सोटे आणि फिलिप्पै येथील तुरुंगात प्रेषित पौलाचे पाय ज्यात अडकवले तो खोडा, या दोन्हींसाठी बायबलच्या दुसऱ्या, ग्रीक भागात म्हणजे नव्या करारात हाच शब्द आलेला आहे.

जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात असा नियम आहे की, देहदंड दिलेल्या माणसाचे प्रेत ‘एत्स’वर टांगले तर ते रात्रभर तसेच ठेवू नये, कारण टांगलेला मनुष्य देवाच्या शापाखाली असतो. पहिल्या शतकातील ज्यू श्रोत्याच्या दृष्टीने वधस्तंभावर मेलेला मसीहा (देवाने पाठवलेला तारणारा) ही कल्पनाच या वचनामुळे असह्य होती. ही अडचण टाळायची असती, तर प्रेषितांना वधस्तंभासाठी असलेला ‘स्टाव्हरॉस’ हा ग्रीक शब्द सर्वत्र वापरता आला असता, आणि इतरत्र तो त्यांनी वापरलाही आहे. तरीही प्रेषितांच्या कृत्यांत येशूचा शिष्य पेत्र ज्यूंच्या न्यायसभेसमोर ‘क्सिलॉनवर टांगून मारले’ असेच म्हणतो, पौल गलतीकरांना लिहिताना शापाचे ते वचन स्वतःहून पुढे आणतो, आणि पेत्राच्या पहिल्या पत्रातही तोच शब्द येतो. शापाची खूण असलेले लाकूड आणि जीवनाचे झाड यांना एकच नाव असल्यामुळे त्यांना जे म्हणायचे होते ते त्या एका शब्दातच साधत होते. पुढे दुसऱ्या शतकात लियोंचा बिशप इरेनियस याने हे उघडच मांडले. झाडापाशी झालेली आज्ञाभंगाची चूक झाडावरच्या आज्ञापालनाने भरून निघाली, असा त्याचा विचार आहे. रोममधील सान क्लेमेन्ते चर्चमध्ये १२व्या शतकातील एक भित्तिचित्र आहे, लहान लहान रंगीत तुकडे जडवून केलेले. त्यात वधस्तंभाच्या बुंध्यापासून निघालेल्या वेलीच्या वेटोळ्यांनी सगळी अर्धगोल भिंत भरून गेलेली आहे. कोरडे लाकूड पालवलेले दाखवण्यात चित्रकाराला काही विसंगत वाटले नाही, ते या वाचनपरंपरेमुळेच.

एकदा हा धागा हाती आला की जुन्या करारातील अनेक जागा वेगळ्या दिसू लागतात. निर्गमच्या पुस्तकात मारा येथील कडू पाणी गोड करण्यासाठी मोशे पाण्यात ‘एत्स’ टाकतो. त्याचे झाड करावे की लाकूड, यावर आजही अनुवादकांचे एकमत नाही. अब्राहामाचा मुलगा इसहाक आपल्याच होमाची लाकडे पाठीवर वाहून डोंगर चढतो, तेथेही तोच शब्द आहे, आणि आद्य ख्रिस्ती भाष्यकारांना त्यात वधस्तंभ वाहणारा येशू दिसला. अशा प्रत्येक जागी वधस्तंभ शोधत बसणे मला स्वतःला थोडे ताणलेले वाटते, पण या भाष्यकारांनी ते मनाला येईल तसे केले नव्हते, शब्दाचा आधार त्यांच्याकडे होता.

दुसरा मोठा धागा तोडलेल्या झाडाचा आहे. संदेष्ट्यांच्या लेखनात उंच वृक्ष म्हणजे बहुधा साम्राज्य असते, आणि त्याच्यावर कुऱ्हाड पडते. यहेज्केल संदेष्टा मिसरच्या राजाला, म्हणजे फारोला, सांगतो की, लबानोनातील गंधसरूसारखे उंच वाढलेले अश्शूरचे साम्राज्य कसे कोसळले ते पाहा. दानीएलच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर स्वप्नात आकाशाला भिडणारे झाड पाहतो. ते तोडण्याची आज्ञा होते, पण लोखंड आणि पितळ यांच्या पट्ट्याने बांधून त्याचा बुंधा जमिनीत राहू दिला जातो. यशयाच्या १०व्या अध्यायाच्या अखेरीस असेच अख्खे अरण्य तोडले जाते, आणि ११व्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटतो. अध्यायांचे आकडे पुष्कळ नंतरच्या काळात घातलेले असल्यामुळे ही दोन वाक्ये सलगच वाचली पाहिजेत. इशाय हा दावीद राजाचा बाप. यशया दाविदाचे नाव न घेता इशायाचे घेतो, यावरून राजवंश राजा होण्याच्या आधीच्या स्थितीपर्यंत छाटला जाईल असे त्याला सुचवायचे असावे. ख्रिस्ती परंपरा हा धुमारा म्हणजे येशू असे मानते, आणि मध्ययुगीन चर्चच्या रंगीत काचांवर निजलेल्या इशायाच्या देहातून वर चढणारा वंशवृक्ष दिसतो, तो याच ओळीवरून आलेला आहे. दुःखाने पिचलेल्या ईयोबाने मात्र याच निरीक्षणातून उलटी वेदना काढली आहे: झाड तोडले तरी पाण्याच्या वासाने त्याला पुन्हा कोंब येतात, माणूस मात्र मेला की संपला. संपूर्ण बायबलमध्ये झाडाविषयीचे मला सर्वांत प्रामाणिक वाटणारे वाक्य हेच आहे.

या पार्श्वभूमीवर येशूने देवाच्या राज्याविषयी सांगितलेला मोहरीच्या दाण्याचा दृष्टांत वाचला तर त्यातील मिश्कीलपणा ध्यानात येतो. यहेज्केलाच्या १७व्या अध्यायात देव गंधसरूच्या शेंड्याची कोवळी डहाळी उंच पर्वतावर लावतो आणि तिच्यापासून वाढलेल्या मोठ्या वृक्षाच्या सावलीत सर्व प्रकारचे पक्षी वसतात. येशू पक्षी तेच ठेवतो, पण गंधसरूच्या जागी मोहरी आणतो, जी हंगामापुरती वाढणारी भाजीवर्गातील वनस्पती आहे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात ज्यू नसलेल्या विश्वासणाऱ्यांची उपमा म्हणून रानटी जैतुनाची फांदी लागवडीच्या जैतुनावर कलम केली आहे, म्हणजे बागाइतदार करतो त्याच्या नेमके उलट. ही पौलाची चूक असावी असे काही जण म्हणतात, परंतु हे निसर्गाविरुद्ध आहे असे तो स्वतःच लिहितो, म्हणून मला ते जाणूनबुजून केलेले वाटते.

शेवटी, बायबलच्या अखेरच्या पुस्तकात, म्हणजे प्रकटीकरणात, झाड पुन्हा का येते ते पाहू. एदेनातून बाहेर काढल्यावर जीवनाच्या झाडाची वाट करूबांनी, म्हणजे पंख असलेल्या स्वर्गीय पहारेकऱ्यांनी, अडवली होती. शलमोनाच्या मंदिराच्या भिंतींवर करूब आणि खजुरीची झाडे शेजारीशेजारी कोरलेली होती, त्यामुळे मंदिर हीच त्या बागेची आठवण होती असे अनेक अभ्यासक मानतात. प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायात मंदिर नाही आणि वाट अडवणारे करूबही नाहीत. नदीच्या दोन्ही तीरांवर जीवनाचे झाड आहे, ते वर्षातून बारा वेळा फळ देते आणि त्याची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत; पानांचा हा तपशील यहेज्केलाच्या ४७व्या अध्यायातून घेतलेला आहे. बऱ्यावाइटाच्या ज्ञानाचे झाड तेथे नाही. याच पुस्तकाच्या सातव्या अध्यायात, पृथ्वीवरील झाडांना उपद्रव करू नका असे देवदूत सांगतो तेव्हा लेखक ‘डेन्ड्रॉन’ हा शब्द वापरतो, आणि शेवटच्या अध्यायातील जीवनाच्या झाडाला मात्र तो पुन्हा ‘क्सिलॉन’ म्हणतो.