डिप्रेशनसाठी मेंदूचा एमआरआय काढावा का? त्यावरून योग्य गोळी ठरवता येते का?

नाही. डिप्रेशनचं निदान आजही बोलून, लक्षणं विचारूनच होतं. डॉक्टर एमआरआय सांगतात तो बहुधा गाठ, स्ट्रोक असलं काही नाही ना हे बघायला. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून ‘आजार नाहीच, मनाचे खेळ आहेत’ असं घरच्यांनी म्हणू नये. (थायरॉइड आणि बी१२ची रक्ततपासणी त्यामानाने स्वस्त आणि जास्त कामाची.)

संशोधनात मात्र मजेदार गोष्टी सापडल्या आहेत. अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठात हेलन मेबर्ग यांच्या गटाने उपचारांआधी रुग्णांच्या मेंदूचे पेट (PET) स्कॅन काढले; मेंदूचा कुठला भाग किती ग्लुकोज वापरतो ते यात दिसतं. मग काहींना एस्सिटालोप्राम ही गोळी दिली, काहींना सीबीटी हा समुपदेशनाचा प्रकार, 12 आठवडे. मेंदूच्या उजव्या बाजूच्या इन्सुला या भागात ग्लुकोजचा वापर कमी असलेल्यांना सीबीटी लागू पडली, जास्त असलेल्यांना गोळी. हे 2013 साली छापून आलं. पण रुग्ण थोडे होते, त्यामुळे तेवढ्यावर कुणाची गोळी बदलणं मला तरी धाडसाचं वाटतं.

स्कॅनचा थेट वापर होतो तो स्टॅनफर्डच्या ‘सेंट’ पद्धतीत. गोळ्यांना दाद न देणाऱ्या रुग्णाचा एफएमआरआय (मेंदूचे भाग कसे काम करतात ते दाखवणारा एमआरआय) काढून डोक्यावर चुंबकीय लहरी नेमक्या कुठे द्यायच्या ते ठरवतात; रोज 10 सत्रं, असे 5 दिवस. अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने 2022 मध्ये तिला परवानगी दिली.

तुमची पहिलीच गोळी चालू असेल तर तिला चार-सहा आठवडे द्या. स्वतःहून बंद करू नका.