शपथ नंतर घ्या, आधी खिडकी बघा

मॅडम, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक, दक्षता जनजागृती सप्ताहासाठी कॉलेजात टिपण द्यायचंय, तर सार्वजनिक विद्यापीठात भ्रष्टाचार रोखायला पोस्टर आणि शपथ सोडून खरंच काय करता येतं. दुसरं, तुमच्या ओळखीतल्या एका पीएचडीच्या मुलीकडं व्हायवाआधी, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेआधी, 'खर्चाचे' पैसे मागितलेत, तिनं काय करावं. दुसऱ्याचं उत्तर खाली आहे, ते वाचेपर्यंत तिला एक रुपयाही देऊ देऊ नका.

मी सोलापूरबाहेरच्या एका विद्यापीठात परीक्षा विभागात नोकरी करून रिटायर झालोय. टेंडरं, बांधकाम, भरती यात मोठे पैसे जातात हे खरंच आहे, पण पोरांना जो भ्रष्टाचार रोज भेटतो तो खिडकीवर भेटतो आणि तिथं विकलं जातं ते सर्टिफिकेट नसतं, उशीर असतो. जून-जुलैतली मायग्रेशनची, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जायला लागणाऱ्या दाखल्याची गर्दी आठवा. खेड्यातून पहाटेच्या एसटीनं आलेली पोरगी, चलन भरलेलं, कागद पुरे, आतला माणूस मान वर न करता म्हणतो 'पुढच्या आठवड्यात या'. सोबत आलेल्या वडिलांची हजेरी बुडालेली, तिकडं दुसऱ्या विद्यापीठात ॲडमिशनची शेवटची तारीख. ती गेटबाहेर झेरॉक्सच्या टपरीवर येते तर तिथला एजंट विचारतो, अडलंय का, पाचशे द्या, संध्याकाळी हातात. आणि संध्याकाळी खरंच मिळतं की ओ! म्हणजे काम अर्ध्या दिवसाचंच होतं, आठवडा मुद्दाम तयार केलेला होता.

आपल्या सोलापूर जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. 2004 च्या आधी आपली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, अक्कलकोटच्या पोराला एका सहीसाठी कोल्हापूर गाठायला लागायचं. 1 ऑगस्ट 2004 ला एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ सोलापूरजवळ केगावला झालं आणि अंतर तुटलं. चक्कर जितकी महाग तितका एजंट बळकट, हे मी तेव्हाही बघत होतो.

म्हणून टिपणात पहिलं हे लिहा की प्रत्येक अर्जाला नंबर, पावतीवर काम कधी होणार ती तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पद छापलेलं पाहिजे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 मध्ये अधिसूचित, म्हणजे अधिकृतपणे जाहीर केलेली सेवा मुदतीत न दिल्यास अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड आहे. तुमच्या विद्यापीठानं कुठल्या सेवा अधिसूचित केल्यात ती यादी खिडकीच्या वर लावायला सांगा, आत फाईलमध्ये ठेवून उपयोग नाही. आणि अर्ज आले त्या क्रमानंच निघाले पाहिजेत, मधलाच एखादा आधी निघाला तर कारण रजिस्टरला लिहायचं. एवढ्यानं एजंटचा निम्मा धंदा बसतो, हे मी डोळ्यानं बघितलंय.

परीक्षेचं सांगतो. महाराष्ट्राच्या 2016 च्या विद्यापीठ कायद्यात निकाल 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत लावायचा असं आहे. निकाल लांबला की चौकशा वाढतात, चौकशा वाढल्या की ओळखी शोधल्या जातात, तिथनंच सेटिंग सुरू. स्वतःची उत्तरपत्रिका बघायचा हक्क सुप्रीम कोर्टानं 2011 मध्येच माहिती अधिकारात मान्य केलाय, दहा रुपयांच्या अर्जात होतं, हे पोरांना वर्गात सांगा. पण खरी जागा आहे मार्क बदलायचं लॉगिन. साहेबांचा पासवर्ड मॉनिटरला चिठ्ठीवर चिकटवलेला आणि कंत्राटी ऑपरेटर त्यावरनं एन्ट्री करतोय, हे बऱ्याच ठिकाणी चालतं, मग उद्या मार्क बदलले तर केलं कुणी हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ज्याचं लॉगिन त्याचाच हात आणि प्रत्येक बदलाची नोंद दर महिन्याला दुसऱ्याच विभागानं तपासायची, यात तडजोड नको.

कॉलेजला संलग्नीकरणाच्या, म्हणजे कॉलेज विद्यापीठाला जोडायचं का ते तपासणाऱ्या समित्या येतात ना, तिथं आपल्याकडं पाहुणचार म्हणून जे चालतं त्यावर मी कडक बोलतो, लोकांना आवडत नाही. सोलापुरी चादर, शेंगाचटणी, थंडीत हुरडा, लोक म्हणतात यात कसला भ्रष्टाचार. पण मांडीवर चादरीचं पार्सल घेऊन बसलेला माणूस 'लॅबमध्ये गॅस कनेक्शन नाही' असं लिहायला कचरतो. समितीनं पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, जेवणसुद्धा विद्यापीठाच्या खर्चानं, आणि अहवाल त्याच आठवड्यात वेबसाईटवर. पाकिटापर्यंत जाणारा रस्ता चादरीवरनंच जातो.

आणि जो क्लार्क घेत नाही त्याची बदली गोडाऊनला होऊ देऊ नका. माझ्याबरोबरच्या चांगल्या पोरांना हेच भोगायला लागलं, मला अजून त्याचा राग येतो. कुलसचिवांनी तक्रार करणाऱ्याच्या बदलीचं कारण लेखी द्यायचं, एवढी एकच अट पुष्कळ काम करते.

आता तुमची पीएचडीवाली. तिला सांगा की बाहेरच्या परीक्षकाचं येणं-जाणं, राहणं, मानधन विद्यापीठ देतं, विद्यार्थ्यानं द्यायचं नसतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमात थीसिस दिल्यापासून व्हायवाच्या निकालापर्यंत सगळं सहा महिन्यांत संपवायचं म्हटलंय, आणि व्हायवा इतर प्राध्यापक-संशोधकांना खुला असतो, तेव्हा तिच्या संशोधक मैत्रिणींना बसवा. पैसे मागणारा तिचा गाईड असेल आणि 'मी काय सरकारी नोकर नाही' म्हणत असेल तर 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात विद्यापीठाचा शिक्षक, कर्मचारी, परीक्षेच्या कामाला घेतलेला माणूस, सगळे लोकसेवकच धरलेत, शिक्षा तीन ते सात वर्षं. 2018 च्या दुरुस्तीनं लाच देणाराही गुन्हेगार झालाय, फक्त जबरदस्तीनं द्यायला लागली आणि सात दिवसांत तक्रार केली तर सुटका आहे. म्हणून आधीच एसीबीला, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला, 1064 वर फोन करायचा. ते आधी मागणीची पडताळणी करतात, पंच म्हणजे साक्षीदार देतात, मगच सापळा. मागणीचे मेसेज डिलीट करायचे नाहीत, गाईडशी भांडायचं नाही, कुणी कधी काय मागितलं ते तारखेसकट वहीत लिहून ठेवायचं आणि एसीबीच्या ऑफिसला जाताना घरचं कुणीतरी सोबत न्यायचं. ती एकटी जायला घाबरत असेल तर मॅडम, तुम्ही जा तिच्याबरोबर.